यादीतला एकशे त्रेचाळिसावा

क्लाउस्टाल, जर्मनी
१६ ऑक्टोबर १९९४

ती. बाबा आणि आईस,
सविनय जयभीम.

पोचल्याची तार मिळाली असेलच. पत्राला उशीर झाला, कारण पंधरा दिवस राहायला जागाच नव्हती. वसतिगृह भरलेलं. एका सीनियरच्या खोलीत जमिनीवर झोपत होतो. मग विद्यापीठाच्या फलकावर चिठ्ठी दिसली, डोंगरावरच्या घरात खोली, भाडं अगदी थोडं. गेलो तर घर कसलं, गढीच.

हे घर विद्यार्थ्यांच्या एका मंडळाचं आहे. त्याचं नाव कोर ओकरानिया. खाणकाम शिकणाऱ्या सात मुलांनी १८६८ मध्ये ते काढलं. सभासद झालं की मरेपर्यंत सभासद. शिकून नोकरीला लागलेल्यांना 'जुने सद्गृहस्थ' म्हणतात. घराचा खर्च ते उचलतात, म्हणून भाडं कमी. सणासमारंभाला सगळे हिरवी टोपी घालतात, छातीवर तिरपा तीन रंगी पट्टा. तळमजल्यावरच्या दालनात पहिल्या सातांपासून आजपर्यंतच्या प्रत्येकाचं छोटं चित्र लावलंय, खाली क्रमांक. एकमेकांना भाऊ म्हणतात.

मी नुसता भाडेकरू आहे, काळजी नसावी.

एक सांगू? इथे 'तायडे' म्हटलं की समोरचा स्पेलिंग विचारतो आणि लिहून घेतो. दिल्लीत पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, 'तायडे म्हणजे कोण?' मी इथे रोज त्या प्रश्नाची वाट बघतो. अजून आलेला नाही. बरं वाटतं, आणि का कोण जाणे, चैनही पडत नाही.

आपल्या गाझियाबादच्या फ्लॅटचं कुठवर आलं?

आपला,
समाधान


आर. के. पुरम, सेक्टर चार
नवी दिल्ली
९ नोव्हेंबर १९९४

चि. समाधान यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझ्या आईने ते दोनदा वाचून घेतले.

नीरा-भीमा सोसायटीच्या इमारतीचा चौथा मजला उभा राहिला. दर रविवारी मी आनंद विहारपर्यंत बसने आणि पुढे टेम्पोने जाऊन बघून येतो. रस्ता अजून नाही, दिवे नाहीत, पण जिकडे बघावे तिकडे खांब आणि सळया. जानेवारीत फ्लॅटची सोडत आहे. एकतीस मेला मी निवृत्त होणार, सप्टेंबरअखेर हे क्वार्टर सोडायचे, तोवर ताबा मिळावा. अकरा वर्षांपूर्वी आम्ही नऊ मराठी कर्मचाऱ्यांनी कॅन्टीनमध्ये बसून ही सोसायटी काढली. माझा सभासद क्रमांक सात.

तुझ्या त्या मंडळाविषयी वाचले. भाऊ म्हणतात हे चांगले. सरकारी माणूस म्हणून मला काही प्रश्न पडले. सभासद कोणाला होता येते? कोणाला येत नव्हते? लेखी घटना आहे का? असली तर मिळवून वाच. आणि कुठल्याही संस्थेची घटना वाचताना तिच्यातल्या दुरुस्त्या आधी वाचाव्यात. मूळ घटना लोक चांगल्या मनाने लिहितात. मनात काय आहे ते दुरुस्तीत कळते.

थंडीचे कपडे पुरतात का?

तुझा,
बाबा


क्लाउस्टाल
१८ डिसेंबर १९९४

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

गुडघाभर बर्फ आहे. कपडे पुरतात, डेटलेफने त्याचा जुना कोट दिला. डेटलेफ माझ्याहून तीन वर्षं पुढे, खाणीच्या हवेवर प्रबंध लिहितोय. माझं जर्मन सुधारायला रोज जेवणानंतर तासभर देतो.

घटना आहे, पण जुन्या वळणाच्या अक्षरात. मला अजून वाचता येत नाही. हल्ली कोणालाही होता येतं म्हणतात. मुलींना मात्र नाही.

संध्याकाळी खाली गाणी असतात, मीही बसतो. लांबलचक टेबल, एकजण टेबलावर तलवारीची मूठ आपटतो की सगळे गप्प. दीडशे वर्षांपूर्वीची गाणी. मला चार पाठ झाली. आवाज मिसळला की कोणता आपला ते कळत नाही, तेव्हा फार छान वाटतं.

अभ्यास ठीक. सोडतीचं कळवा. ताईला सांगा, कॅसेट मिळाली.

आपला,
समाधान (आणि सहीशेजारी एक वळसा)


आर. के. पुरम
२० जानेवारी १९९५

चि. समाधान यास,
आशीर्वाद.

सोडत पुढे गेली आहे. तांत्रिक कारण. काळजी करू नये.

मी तेवीस वर्षे फायलींवरच्या सह्या बघत आलो आहे. मागच्या पत्रात तुझ्या सहीपुढे एक खूण आहे. दोन-तीन अक्षरे एकमेकांत गुंतवल्यासारखी, शेवटी उद्गारचिन्ह. शाई सांडलेली नाही. हात सराईत वाटतो, म्हणजे ती पुष्कळदा काढलेली आहे. आणि मग कंसात तूच 'एक वळसा' असे लिहिले आहेस, म्हणजे मी विचारावे अशी तुझी इच्छा दिसते.

तर विचारतो. ती कसली खूण आहे?

बाबा


क्लाउस्टाल
१२ फेब्रुवारी १९९५

ती. बाबा,
जयभीम.

होय, तुम्ही विचारावं असंच मला वाटत होतं. आपणहून सांगायचं धाडस नव्हतं.

ती मंडळाची खूण आहे. 'जगो, वाढो, फुलो' या अर्थाची लॅटिन अक्षरं आणि ओकरानियाचा ओ. सभासदच ती सहीपुढे काढतात. नोव्हेंबरच्या शेवटी मी आत गेलो. नवशिक्याला इथे कोल्हा म्हणतात. कोल्ह्याला दोनच रंगांचा पट्टा, तिसरा पूर्ण सभासद झाल्यावर. प्रत्येक कोल्हा एक थोरला भाऊ निवडतो. मी डेटलेफला निवडलं.

पूर्ण सभासद व्हायला दोन गोष्टी लागतात. मंडळाच्या इतिहासाची तोंडी परीक्षा, आणि एक द्वंद्व. रागावण्याआधी पुढचं वाचा. हे भांडण नसतं. दुसऱ्या मंडळाच्या मुलासमोर हातभर अंतरावर उभं राहायचं. डोळ्यांवर लोखंडी चष्मा, गळ्याला जाड पट्ट्या, अंगात साखळीचा अंगरखा. गाल आणि डोकं उघडं. तलवार खरी. मागे सरायचं नाही, मान वळवायची नाही. जिंकणं-हरणं नसतंच. हलला नाहीस एवढंच बघतात. डॉक्टर शेजारी असतो. माझी पाळी मेमध्ये.

तुम्ही विचाराल, कशासाठी? कॉलेजच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात नावापुढे प्रवर्ग लिहिलेली प्रवेशाची यादी लागली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरची चार मुलं ताटं घेऊन उठली. चार वर्षं मी भिंतीकडे तोंड करून जेवलो. घरी सांगितलं नाही, कारण तुम्ही प्राचार्यांना अर्ज केला असता. इथे परवा मला सर्दी झाली तर खाली न गेल्याबद्दल तिघं वर विचारायला आले.

मला त्या यादीत यायचंय, बाबा. माझा क्रमांक सहाशे बारा असेल.

समाधान


नवी दिल्ली
१५ मार्च १९९५

समाधान,

हे पत्र मी ऑफिसातून लिहितेय, बाबांना माहीत नाही. कळू द्यायचंही नाही, प्लीज.

तुझं तलवारीचं पत्र बाबांनी तीनदा वाचलं. मेसचा भाग आला की थांबायचे. मग चष्मा काढून म्हणाले, "चार वर्षं. आणि मी दर महिन्याला त्याला विचारायचो, जेवण कसं आहे." बस, एवढंच. तेव्हापासून घरात येरझारा घालतात.

आणि तांत्रिक कारण वगैरे सब झूठ. सोडत झाली. जानेवारीतच. बाबांची चिठ्ठीच टाकली नव्हती. त्यांनी विचारलं तेव्हा सेक्रेटरी आगटेकाका घरी आले. चहा घेतला, माझ्या हातचे पोहे खाल्ले, आणि म्हणाले, "भाऊराव, माझा काहीच प्रश्न नाही. तुम्ही तर आमच्यातलेच. पण लोकांचं म्हणणं असं की एकाच जिन्यात राहायचं, सणवार, बायकांची हळदीकुंकवं... शेजारच्या सोसायटीत तुमचे बरेच लोक आहेत. तिथे अदलाबदल करून देतो, जिम्मेदारी माझी."

आई आतून ऐकत होती. तिने पोह्यांची प्लेट घासायला घेतली ती दहा मिनिटं घासतच होती.

नंतर कळलं, बायलॉजमध्ये डिसेंबरात दुरुस्ती केलीय. फ्लॅटवाटपाआधी कार्यकारिणीने सभासदाची 'सांस्कृतिक अनुरूपता' बघावी. ज्या सभेत ती पास झाली तिची नोटीस बाबांना आलीच नव्हती. क्रमांक सात, आणि नोटीस नाही!

बाबा बहुतेक अदलाबदल मान्य करतील. म्हणतात, "या वयात कोर्टाच्या पायऱ्या नकोत." मला गुडगावला एका नव्या कंपनीत बोलावलंय, पण यांना असं सोडून कशी जाऊ? तू तिथे गाणी म्हण यार, मजा कर. पण तुला बाबांनी एक काम सांगितलं होतं. दुरुस्त्या वाचल्यास का?

चंदाताई


क्लाउस्टाल
१४ मे १९९५

ती. बाबा,
सविनय जयभीम.

आधी तब्येतीचं. सहा मेला मी उभा राहिलो. डाव्या गालावर एक वार, सात टाके. मी हललो नाही. जखम भरतेय. आईला सांगताना बेताने सांगा.

आता खरी गोष्ट. मार्चच्या सुट्टीत परीक्षेसाठी इतिहास वाचायला घेतला. छापील पुस्तकात १९३३ ते ४५ वर एकच वाक्य आहे, 'कठीण काळात मंडळाचे कार्य स्थगित होते.' मला तुमचा प्रश्न आठवला. दालनात जाऊन चित्रांचे क्रमांक मोजले. एकशे बेचाळीस, मग एकशे चव्वेचाळीस. कोणी म्हणालं, आधीच चूक झाली असेल. मी पोटमाळ्यावरून जुनी इतिवृत्तं काढली आणि गावातल्या एका निवृत्त शाळामास्तरांकडून ते अक्षर शिकलो. तीन आठवडे लागले.

एकशे त्रेचाळीस म्हणजे आर्नो ब्लूमेनाउ. १९०९ मध्ये सभासद झाला. खाण अभियंता. पहिल्या महायुद्धात उजव्या हाताची दोन बोटं गेली. या घराचं छप्पर बदललं तेव्हाच्या समितीत होता. ज्यू होता. ऑक्टोबर १९३५ च्या सभेत आधी ज्यू सभासद नकोत अशी घटनेत दुरुस्ती झाली आणि लगेच पुढच्या ओळीत, 'बंधू क्र. १४३ यांचे नाव एकमताने यादीतून कमी करण्यात आले.' समासात लिहिलंय, 'त्यांना निमंत्रण पाठवले नाही.' पुढे त्याचं काय झालं ते कुठेच नाही.

हे मला द्वंद्वाआधी सापडलं होतं. मी गप्प राहिलो. भ्यालो म्हणून प्रश्न काढतो असं कोणी म्हणू नये, म्हणून आधी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी गालाला पट्टी लावून सभेत म्हटलं, "एकशे त्रेचाळीसचं चित्र भिंतीवर परत लागल्याशिवाय मी तिसरा रंग घेणार नाही."

डेटलेफ मला बाहेर बागेत घेऊन गेला. म्हणाला, "तो काळच तसा होता. आणि आम्ही तुला घेतलं ना? याहून मोठं उत्तर काय हवं?"

बाबा, हे ऐकलं आणि टाक्यांत जेवढं दुखलं नव्हतं तेवढं दुखलं. मला वाटत होतं, त्यांनी मला समाधान म्हणून घेतलं.

एक जुलैला स्थापनादिन आहे. जुने सद्गृहस्थ येतील, तेव्हा मतदान. दोन तृतीयांश मतं लागतील.

समाधान


आर. के. पुरम
४ जून १९९५

चि. समाधान यास,
अनेक आशीर्वाद.

सात टाके घालताना भूल दिली होती का, हे तू लिहिलेले नाहीस. म्हणजे दिली नसणार. तुझी आई दोन दिवस जेवली नाही. मीही रागावलो होतो, अजून आहे. त्या रागाचे पत्र वेगळे लिहीन.

एकतीस तारखेला निवृत्त झालो. हार, शाल, भिंतीवरचे घड्याळ.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. सोडत जानेवारीतच झाली आणि तीत माझे नाव नव्हते. कारण तू ओळखशील. दुसऱ्या सोसायटीत अदलाबदल करून घेण्याचे मी जवळजवळ ठरवले होते, अर्जही लिहून ठेवला होता. मग तुझे पत्र आले. 'त्यांना निमंत्रण पाठवले नाही' हे वाक्य मी वाचले आणि अर्ज फाडला.

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेला गेलो, न बोलावता. आगटे म्हणाले, "भाऊराव, आज तुमचा विषय नाही."

मी म्हटले, "मी विषय नाहीच. मी सभासद आहे. डिसेंबरचे इतिवृत्त वाचायला द्या."

"ते टाइप व्हायचंय."

"मग कच्चे द्या. मला कच्चे वाचायची सवय आहे."

तासभर मी तिथेच बसून राहिलो. शेवटी वही आली. मी मोठ्याने वाचले, एकटाच. उपस्थित चौदा, नोटिसा सतरा, सभासद अठरा. मी विचारले, "अठराव्याची नोटीस कुठे आहे?" पंख्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "मला उत्तर नको. वहीत लिहा की उत्तर मिळाले नाही." आगट्यांचा हात लिहायला तयार नव्हता. मीच लिहिले आणि खाली सही केली.

रस्त्यावर आल्यावर पाय थरथरत होते. टेम्पो तीनदा चुकीच्या बाजूचा धरला.

तू अजून कोल्हाच आहेस ना? मग मतदानात बोलायला उभा राहशील तेव्हा पायांवर लक्ष ठेव. आवाज आपोआप येतो.

बाबा


क्लाउस्टाल
३ जुलै १९९५

ती. बाबा,
जयभीम.

हरलो.

बाग माणसांनी भरली होती. हिरव्या टोप्या, पांढरे केस, वाजंत्री. मी ठराव मांडला, पाच मिनिटं. पायांवर लक्ष ठेवलं, आवाज आला, तुम्ही म्हणालात तसंच. एकजण म्हणाला, "याने आपलं मीठ खाल्लं." म्हणजे त्या अर्थाचं काहीतरी. दुसरा म्हणाला, "परक्याने आमच्या घरातली धूळ काढू नये."

मग काठी टेकत एक ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ उठले, डॉक्टर क्रूगर. म्हणाले, "ते अक्षर माझं आहे. मी तेव्हा सचिव होतो, बावीस वर्षांचा. वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागलं. नंतर मी ब्लूमेनाउला गावात एकदा पाहिलं आणि रस्ता ओलांडला. मुलाचं म्हणणं मान्य करा." सगळे त्यांच्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते.

मतं पडली, बाजूने एकतीस, विरुद्ध अठ्ठावीस. दोन तृतीयांशाला नऊ कमी पडली. डेटलेफने विरुद्ध दिलं. हात वर करताना त्याने माझ्याकडे सरळ बघितलं, एवढं खरं.

टोपी आणि पट्टा घडी करून मी टेबलावर ठेवला. काल खोली सोडली. ट्रंक जड होती, दुसरं टोक डेटलेफने धरलं. बेकरीच्या वरच्या माळ्यापर्यंत आला, दारात ठेवली. तो म्हणाला, "कोट ठेव, हिवाळ्यात लागेल." गेला.

इथे पहाटेपासून पावाचा वास येतो. काल संध्याकाळी गाण्याची वेळ झाली आणि चुकून पाय डोंगराकडे वळले. बाबा, मला ती माणसं आवडायची. हे मी कोणाजवळ बोलू? चालत राहतो. गावाला तीन फेरे घालून झाले.

गालावरची खूण आता कायमची. वर्गातली काही मुलं ती बघून मला वाट देतात. मी सांगत नाही की मी त्यांतला नाही.

तुमच्या वहीचं पुढे काय झालं?

समाधान


बी-११, नीरा-भीमा सोसायटी
गाझियाबाद
२६ नोव्हेंबर १९९५

चि. समाधान यास,
अनेक आशीर्वाद.

मध्यंतरी तुला नुसती कार्डे टाकली, क्षमा कर. सामान हलवणे, विजेचा अर्ज, पाण्याचा टँकर यांतच चार महिने गेले.

त्यांच्याच वकिलाने त्यांना सांगितले की नोटीस न देता केलेली दुरुस्ती रजिस्ट्रारपुढे टिकणार नाही. ऑगस्टमध्ये ती रद्द झाली. उरलेल्या फ्लॅटांपैकी तिसऱ्या मजल्यावरचा मला मिळाला. चंदा कंपनीच्या गाडीने गुडगावला जाते, दोन तास जायला, दोन यायला. तक्रार करते, पण नवी सँडल घेतली आहे. तुझ्या आईशी पहिला महिनाभर जिन्यात कोणी बोलले नाही. दिवाळीनंतर आगटेवहिनींनी चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारले. आईने बरोबर सांगितले. मी असतो तर एक वाटी कमी सांगितली असती.

आता गेल्या रविवारचे. गच्चीवर सभा होती. आपल्यातल्या एकांची हैदराबादला बदली झाली आहे, ते फ्लॅट विकणार. घेणारे शौकत मुजावर, मिरजेचे, रेल्वेत स्टेनो. मराठी तुझ्यामाझ्याहून चांगले. नियमात सगळे बसते. आगटे उभे राहिले आणि म्हणाले, "आपला व्यक्तिशः काही विरोध नाही. पण लोकांचं म्हणणं..." मग माझ्याकडे वळून हसले. "भाऊराव आता आपलेच आहेत. त्यांनाही पटेल."

बाजूने असणाऱ्यांनी हात वर करायचे होते.

तुला मी नेहमी खरे लिहिले असे नाही, हे तुला आता ठाऊक आहे. म्हणून हे लिहितो. माझा हात वर गेला नाही. आधी मी आजूबाजूला पाहिले. मनात आले, आत्ताच तर आलोय. आत्ताच तर जिन्यात बोलायला लागलेत. एक माझे मत नसले म्हणून काय होते, दुसरे कोणीतरी करील. आगटे हात मोजत होते, आठवर आले होते. मग मी हात वर केला. माझ्यानंतर अजून एक आला. दहा झाले. मंजूर.

मुजावर खाली पायरीवर बसून होते. त्यांना वर बोलावले. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. माझ्यापाशी आले तेव्हा माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ. त्यांची समजूत अशी झालेली दिसली की पहिला हात माझा होता.

मी त्यांना काही सांगितले नाही. तुला सांगतो आहे.

तुझा,
बाबा